सिलेक्शन नऊची उगवण

वडनेर भोलजी,
२९ मे

चि. प्रेमानंद यास,
रेणुकाताईचा सप्रेम जयभीम आणि वयाच्या मानानं शिल्लक असतील तेवढे आशीर्वाद.

मी ठणठणीत आहे. तुझा गुडघा कसा आहे हे विचारते, पण उत्तर एका ओळीत दे. मागच्या पत्रात गुडघ्याला दीड पान गेलं आणि बाकीच्या कुटुंबाला मिळून चार ओळी आल्या. पुष्पांजलीच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे वाचून बरं वाटलं. (तिला म्हणावं, आता नवरा स्पष्ट दिसायला लागला असेल, तर धीर धर.)

गेल्या आठवड्यात तुझ्या मोबाइलवर एका अनोळखी नंबरवरून सात मिस्ड कॉल आले असतील. तू अनोळखी नंबर उचलत नाहीस हे मला माहीत आहे, ओळखीचेही फारसे उचलत नाहीस. तर ते सात कॉल आमच्या शेजारच्या उकंडरावांचे. त्यांना तुझ्याकडे बोगस बियाण्याची तक्रार करायची होती. ते बियाणं माझ्या घरातून गेलेलं होतं, आणि मुळात ते बियाणंच नव्हतं. एवढं सगळं फोनवर सांगण्यासारखं नाही, आणि अडतीस वर्षं पोस्टात काढलेल्या बाईनं अंगठ्यानं मजकूर बडवत बसणं मला पटत नाही. म्हणून पत्र. चष्मा लाव आणि बसून वाच.

आधी तुला एप्रिलची आठवण करून देते, तुला ती नको असली तरी. जयंतीच्या दिवशी आपण सगळे तुझ्या अकोल्याच्या घरी जेवत होतो आणि तुझ्या लेकीनं, मंजुश्रीनं, सांगितलं की तिनं पुण्याची नोकरी सोडली आहे आणि खामगावात गाळा घेऊन ती कॉफी भाजून विकणार आहे. दोन वर्षं ऑफिस सुटल्यावर ती भाजणं शिकत होती, हेही तिनं सांगितलं. तू हातातली पुरी खाली ठेवलीस आणि म्हणालास, पोरी, तुझ्या धंद्याची उगवण शून्य टक्के. तेहतीस वर्षं बियाणं तपासण्याच्या नोकरीत तू शंभर-शंभर दाणे मांडून कोंब मोजलेस, ठीक आहे. पण स्वतःच्या मुलीचा अहवाल श्रीखंडासोबत वाढायचा नसतो. ती ताटावरून उठली, आणि तेव्हापासून तुम्ही दोघं बोललेला नाहीत. मी तेव्हाच तुला दोन शब्द सुनावले (मोजणाऱ्यांच्या मते बेचाळीस), तर तू सुटका करून घ्यायला अट घातलीस : ताईनं कॉफी पिऊन 'चांगली आहे' असं म्हटलं, तर मी विचार करीन. सगळे हसले. का हसले, हे मला कळत नाही असं समजू नकोस. मी आयुष्यात कशालाच चांगलं म्हटलेलं नाही. 'वाईट नाही' म्हटलं की आपल्या घरात पेढे वाटतात. थोडक्यात, तू माझ्या जिभेआड लपलास. पण पोर तुझ्यासारखीच शब्दाला धरून बसणारी. महिनाभरात तिनं मला पाव किलोचं पाकीट पाठवलं.

पाठवलं ते कुरिअरनं. अगं, आत्या पोस्टमास्तर होती! असो. कुरिअरवाल्यांना गावातली घरं शोधण्याचा कंटाळा असतो, म्हणून वडनेरची झाडून सगळी पार्सलं ते हायवेवर कुलदीपच्या कृषी केंद्रात टाकून जातात. तिथं साड्या येतात, चष्मे येतात, एकदा कोणाचे तरी दात आले होते. मंजुश्रीचं पाकीट तिथं तूर आणि सोयाबीनच्या पिशव्यांमध्ये दोन दिवस पडून होतं. त्यावर इंग्रजीत काय छापलं होतं ते नीट ऐक, कारण पुढची सगळी आफत त्यातून आली आहे. व्हरायटी : सिलेक्शन नऊ. लॉट नंबर अमुक. शेताची उंची साडेबाराशे मीटर (आपलं बुलढाणा घाटावर म्हणून मिरवतं, ते याच्या निम्म्यावर). वजन, तारीख, शेतकऱ्याचं नाव, आणि 'कॉफी' हा शब्द मागच्या बाजूला, बारीक अक्षरात. आता तूच सांग, मे महिन्यात, कृषी केंद्राच्या फळीवर, 'व्हरायटी सिलेक्शन नऊ' असं लिहिलेल्या पाकिटात काय असतं असं आपल्याकडचा माणूस समजेल? कुलदीपनं काउंटरवर जाहीर करून टाकलं की पोस्टातल्या मॅडमनी बंगलोरकडून नवीन वाण मागवलं. (पाकीट पुण्याहून आलं होतं. पण नवीन वाण लांबून यावं लागतं.)

उकंडराव ते पाकीट स्वतः घेऊन आले, मोटरसायकलवर, छातीशी धरून. तू त्यांना ओळखतोस. सात-आठ वर्षांपूर्वी तू आमच्या समाजमंदिरात पेरणीआधीची उगवण तपासणी शिकवायला आला होतास तेव्हा पहिल्या रांगेत बसून हात वर करत होते ते. मी त्यांच्यासमोरच पाकीट फोडलं. आत काळसर तपकिरी दाणे, आणि असा वास बाहेर आला की पंख्याची हवाही क्षणभर थबकली असं मला वाटलं. त्या वासाबद्दल पुढे लिहिते. उकंडरावांनी नाक आत घातलं आणि म्हणाले, "औषध मोठं जोरदार चोपडलं हाय, बाई." मला वाटलं, कॉफीला औषध म्हणणारा काही हा पहिला माणूस नाही. (बियाण्याला बुरशीनाशक लावून रंगवतात हे त्या वेळी माझ्या डोक्यातही आलं नाही. मी पोस्टातली.) मग ते म्हणाले, "आमाले बी द्या थोडं. करून पाहातो." मी म्हटलं, अवश्य. "शंभर पुरे," ते म्हणाले. मी ग्रॅम समजून दचकले, तर ते म्हणाले, "नाई नाई, शंभर दाने." आणि ओट्यावर बसून त्यांनी दहा-दहाच्या दहा ढिगल्या लावून शंभर दाणे मोजून घेतले, एक फुटका होता तो परत करून दुसरा उचलला. प्रेमानंद, मी भारावले. आमच्या कॉन्व्हेंटात सिस्टर जन्मभर 'हावरटपणा करू नका' म्हणून आमच्या बोटांवर पट्ट्या मारत राहिल्या, त्यांनी हा माणूस पाहायला हवा होता, असं मला वाटलं.

बरं, मी त्यांना कृतीही सांगितली. म्हटलं, पाणी गरम करा, ओता, झाकून ठेवा, चार मिनिटांत कळतं. ते घाबरले. "गरम पान्यानं मरन ना ते! आन् चार मिन्टात काय कळते? आमी तं आठ दिस ठेवतो." आता योगायोग बघ. मंजुश्रीनं पाकिटात हातानं लिहिलेली चिठ्ठी घातली होती, आणि तिच्यात लिहिलं होतं की पाणी खळखळ उकळतं नको, त्यानं चव मरते. म्हणजे जे पुण्यात दोन वर्षं शिकावं लागतं ते उकंडरावांना उपजत माहीत! आठ दिवसांचं मला जरा जास्त वाटलं. पण म्हटलं, असेल त्यांची पद्धत.

मी मात्र चिठ्ठी बाजूला ठेवून माझ्या पद्धतीनं केली. मिक्सरमधून काढली (मिक्सरच्या भांड्यात आदल्या दिवशी मिरच्या वाटल्या होत्या), दुधात उकळली, साखर, वेलची, वर जायफळ. जे तयार झालं ते मी अर्धा कप प्यायले आणि उरलेलं तुळशीलासुद्धा घातलं नाही, कारण तिचं माझं वैर नाही. त्या रागात मी पाकिटावरच्या चवींची नावं पुन्हा वाचली : जर्दाळू, बर्गामॉट, काकवी. बर्गामॉट! सात वर्षं इंग्रजी शाळेत मी सगळी स्तोत्रं पाठ केली, त्यात एकदाही बर्गामॉट आलं नाही. ज्या फळाची गाठ पडलेली नाही त्याची चव ओळखायची म्हणजे न भेटलेल्या माणसाला 'तुम्ही बारीक झालात' म्हणण्यासारखं आहे. मी तुला पत्र लिहायला घेतलं होतं, तुझ्या शून्य टक्क्यावर शिक्का मारणारं. ते फाडून टाकलेलं असलं तरी त्याची भाषा फार छान होती.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठी पुन्हा हातात आली. पोरीनं शेवटी लिहिलं होतं, 'आत्या, एकदा फक्त मी सांगते तशी कर, मग हवं ते बोल.' मला आजवर 'हवं ते बोल' अशी परवानगी कोणी दिलेली नाही. मी ती घेत आले. म्हणून म्हटलं, करू. दाणे खलबत्त्यात कुटले. माझ्याकडे पोस्टातला पत्रं तोलायचा जुना काटा आहे (रीतसर लिलावात घेतलेला, पावती जपून ठेवली आहे), त्यावर पंधरा ग्रॅम पूड तोलली. आयुष्यभर लोकांची सुखदुःखं ज्या पारड्यात तोलली त्यात कॉफी. पाणी उकळून खाली उतरवलं, बुडबुडे शांत झाल्यावर ओतलं. आणि बघता बघता ती पूड फुगायला लागली. खालून कोणीतरी श्वास घेतल्यासारखी वर आली, थांबली, बसली. मी पातेल्यात डोकावून पाहत राहिले. चार मिनिटांनी सुती रुमालातून गाळली. काळी नव्हती. काचेच्या पेल्यात उजेडाला धरली तर कडेला जांभळाच्या पाण्यासारखी लालसर.

इथं तुला एक जुनी गोष्ट सांगायला हवी, जी मी कोणालाच सांगितलेली नाही. बाबांनी मला जलंबहून उचलून अमरावतीच्या हॉस्टेलात घातलं तेव्हा मी अकरा वर्षांची होते. आम्हा मुलींना सकाळी चहा मिळायचा, म्हणजे चहा जिथून गेला होता ते पाणी. कॉफी फक्त सिस्टर लोकांना, तीही रविवारी. त्यांच्या जेवणघराचं दार बंद असायचं, पण वास दाराखालून यायचा, आणि मी पाठांतराचं पुस्तक घेऊन त्या दाराजवळच्या पायरीवर बसायचे. प्रेमानंद, मला घराची इतकी आठवण यायची की तो वास हेच एक सुख होतं. एका रविवारी ट्रेमध्ये एक कप अर्धा उरलेला दिसला. मी तो उचलून प्यायले. कडू, जळकट, थंड. मी रडले. चोरी पकडली गेली म्हणून रडले असं सिस्टरना वाटलं, पण मी रडले ती फसवणुकीनं. वासानं जे कबूल केलं होतं ते चवीनं नाकारलं. त्यानंतर सत्तावन्न वर्षं मी जिथं जिथं कॉफी प्यायले, तिथं तिथं हेच झालं. माझी समजूत पक्की झाली की जगात कॉफी नावाची गोष्टच नाही, नुसता वास आहे.

आणि त्या सकाळी, वडनेरच्या स्वयंपाकघरात, पेला तोंडाला लावला आणि तो वास माझ्या तोंडात आला. वासच, जसाच्या तसा. आधी आंबट लागली, माझा चेहरा वाकडा झाला, मनात तुझ्या पत्राची पहिली ओळ तयार झाली. आणि तेवढ्यात तो आंबटपणा वळला, त्याच्यामागून गोड आलं, साखरेचा दाणाही नसताना. गिळल्यावरही ती गेली नाही. निवत गेली तसतशी बदलत गेली, शेवटचा घोट पहिल्या घोटाच्या ओळखीचासुद्धा नव्हता. मी गॅस बंद केला. बसले. दूधवाला येऊन निम्मं पाणी ओतून गेला आणि मी त्याला एक शब्द बोलले नाही. दुसऱ्या दिवशी तो बिचारा काळजीनं विचारत होता, बाई, तब्येत बरी हाय ना. मला थक्क व्हायची सवय नाही. कुठं बघावं, हातांचं काय करावं, काही सुचत नव्हतं. शेवटी पेला विसळून पुन्हा पाणी ठेवलं.

पुढचे सात दिवस मी रोज सकाळी एक कप घेत गेले आणि रोज मला पाकिटावरचा एकेक शब्द खरा वाटत गेला, बर्गामॉट सोडून. नवव्या दिवशी उकंडराव आले. बगलेत गोणपाटाची ओली गुंडाळी, चेहरा पंचनाम्याला आल्यासारखा. मागे त्यांच्या घरच्या कोकिळाबाई. उकंडरावांनी ओट्यावर गोणपाट उलगडलं. आत दहा-दहाच्या दहा रांगा, तू शिकवल्या होत्यास तशाच, दोन बोटं अंतर सोडून. माझी कॉफी! आठ दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपून ओलसर ठेवलेली. "शंभरातलं एक नाई उगवलं, बाई," ते म्हणाले. "उगवन शून्य टक्के. फसवलं तुमाले. साहेबाले सात खेपा फोन केला, उचलून नाई राह्यले. आपन तालुक्याले जाऊ, बोगस बियान्याचा पंचनामा करू." कोणाच्यातरी लबाडीनं शेजारणीचा हंगाम बुडेल म्हणून त्यांना खरोखर संताप आला होता. (मला शेत नाही हे ते रागात विसरले.)

मी सांगितलं, हे बियाणं नाही, कॉफी आहे, आणि भाजलेली आहे. उकंडरावांनी एक दाणा उचलून नखानं टोकरला. कोकिळाबाईंनी मात्र कपाळावर हात मारून घेतला. "मायबाई! आठ दिसापासून हा मानूस रातीचा उठून-उठून गोनपाट चाचपून राह्यला. फुटान्याले कोंब येईन म्हनून! मी म्हनलं होतं, अवो, वास भाजल्यासारका येते. तं मले म्हने, तुले काय समजते सिलेक्शन नऊतलं." मला हसू आवरेना, आणि उकंडरावांचा चेहरा इतका पडला की हसू गिळावंही लागलं. म्हणून मी पाणी ठेवलं. पाकिटातले कोरडे शंभर दाणे मोजून काट्यावर टाकले तर जेमतेम चौदा ग्रॅम. म्हणजे बरोबर एका कपाचा ऐवज त्यांनी आठवडाभर सांभाळला होता.

उकंडराव कॉफी पीत नाहीत. आयुष्यात एकदा शेगावच्या स्टेशनवर प्यायले होते, तेही चहा संपला होता म्हणून. त्यांनी बशीत ओतली, फुंकर मारली, एक घोट घेतला. दुसरा घेतला. मग डोळे मिटून म्हणाले, "कवठ."

मी म्हटलं, काय?

"पिकलेलं कवठ. गूळ घातलेलं. नाल्याकाठचं." त्यांनी पेल्यात वाकून पाहिलं. "कवठ टाकलं का तुमी यात?"

प्रेमानंद, मी घोट घेतला आणि कवठ होतं. आंबट, गोड, किंचित तुरट, कवटीतून चमच्यानं खरवडून काढलेलं, गूळ कालवलेलं कवठ. आठ दिवस मी ज्याला नाव शोधत होते ते आपल्याच आईच्या हातचं निघालं. छापणाऱ्यांना त्यासाठी तीन नावं लागली आणि इंग्रजीत शिकलेल्या मला एकही सापडलं नाही. ज्या माणसानं आठ दिवस कॉफी गोणपाटात निजवली त्यानं दुसऱ्या घोटाला सांगून टाकलं. मी त्यांना म्हटलं, यात काहीही टाकलेलं नाही, नुसतं बी आणि पाणी. "मंग आलं कुठून?" ते म्हणाले. आम्ही तिघं त्या एका पेल्यात वाकून बघत होतो. कोणी बाहेरून पाहिलं असतं तर आत काहीतरी बुडालं आहे असं वाटलं असतं.

मग उकंडरावांनी विचारलं, की दाणा भाजला नाही तर हा वास येतो का. मी चिठ्ठीच्या भरवशावर म्हटलं, नाही, कच्च्या दाण्याला गवताचा वास, ही सगळी करामत भाजण्याची. ते गोणपाट गुंडाळत उठले. "मंग याची उगवन काऊन पाहावं, बाई? हे पाहाची रीत येगळी हाय." मी इथं काहीही जोडत नाही. तू तेहतीस वर्षं नोकरी केली आहेस, पुढचं तुझं तू वाच.

पत्र लांबलं. आता थांबते. पुष्पांजलीला आठवण सांग, डोळ्यात औषध वेळेवर घाल म्हणावं.

तुझी ताई,
रेणुका

ता. क. सोबतच्या डबीत शंभर दाणे आहेत. तू मोजशीलच. मोजून झाल्यावर गोणपाटात नको, खलबत्त्यात घाल. कृती वेगळ्या कागदावर आहे. दूध घातलंस तर मला कळेल. कसं कळेल ते विचारू नकोस. डबी रजिस्टर पोस्टानं पाठवते आहे, सही करून घे.

दुसरी ता. क. मी अभिप्राय लिहिलाच नाही, म्हणून तू आत्तापर्यंत सुटल्याचा श्वास सोडला असशील. घे : चांगली आहे. माझ्या अक्षरात, तारखेसह. ही दोन शब्दांची ओळ लिहायला मला तीन दिवस लागले आणि पेन दोनदा बदलावं लागलं. तुझी अट पुरी झाली.

तिसरी ता. क. डबीतले दाणे त्या पाकिटातले नाहीत. ते पाकीट संपलं. हे परवा माझ्या अंगणात, माझ्या लोखंडी कढईत भाजलेले आहेत. मंजुश्री सोमवारपासून कच्चे दाणे घेऊन इथं आली आहे. ती भाजते, उकंडराव उलथनं फिरवतात आणि कोकिळाबाई दोघांना चुका दाखवतात. हे पत्र मी लिहिते आहे हे तिला माहीत नाही. ती तुझं नावही काढत नाही. पण उकंडरावांचा फोन वाजला की हातातलं काम थांबवून बघते, कोणाचा आहे. खामगावचा गाळा बारा जूनला उघडतो.

शेवटची ता. क. पत्र चिकटवताना उकंडराव धावत आले. ते गोणपाट त्यांनी न झटकता गोठ्याच्या ओलसर भिंतीला टाकून ठेवलं होतं, आणि त्याच्या घडीत आज सकाळी एक कोंब दिसला. हिरवागार, बोटभर. ते म्हणतात, उगवण एक टक्का. मंजुश्री म्हणते, शक्यच नाही. मी जन्मात शेती केलेली नाही, तरी मलासुद्धा दिसतं की तो मूग आहे. पोत्याच्या विणीत अडकलेला गेल्या वर्षीचा दाणा असणार. पण मी तोंड उघडलेलं नाही. उलट मी दोघांना सांगितलं आहे की याचा निकाल फक्त प्रेमानंद साहेब देऊ शकतील, तोही प्रत्यक्ष पाहून. तेव्हा ये. आणि लवकर ये, गुडघ्याला सोबत घेऊन का होईना. कोंबाला पुढचं पान फुटलं की मुगाला कॉफीचं सोंग पेलणार नाही.